राजा, महंत आणि न सुटणारा अंतरपाट

एका राज्यात माणसे पुष्कळ होती, पण मोठी माणसे दोनच होती. एक राजा गजबाहू आणि दुसरे महंत अभयानंद. राजा राजवाड्यात राही, महंत टेकडीवरच्या मठात राहत, आणि मध्ये जे नगर होते ते दोघांचे भांडण ऐकत ऐकत आपला स्वयंपाक उरकी.

भांडण तसे जुने. मठाच्या गादीवर पुढे कोण बसेल ते मी ठरवीन, असे राजा म्हणे. माझ्या हातचा तिलक लागल्यावाचून या राज्यात कोणी राजा होत नाही, असे महंत म्हणत. एका वर्षी मठाने शिखरावर नवा कळस चढवला, तो राजध्वजाहून बोटभर उंच भरला. राजाने ध्वजाची काठी हातभर वाढवली. महंतांनी कळसावर कळस ठेवला. असे करता करता काठी आणि कळस दोन्ही ढगांत गेले, आणि ढगांना त्या नगरावरून अंग चोरून जावे लागू लागले. लोक म्हणत, "दोघेही देवमाणसं आहेत. एकमेकांसमोर आले की देव तेवढा निघून जातो."

राजाला एकुलती एक कन्या होती, तिचे नाव लवंगिका. बुद्धीने तल्लख, मनाने निर्मळ, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. दासी आपसांत म्हणत, "बाईसाहेबांची नथ त्या रागाच्याच आधाराने राहिली आहे, नाहीतर केव्हाच पडती." अशा या लवंगिकेचे लग्न शेजारच्या राज्यातल्या सुकेतू नावाच्या राजपुत्राशी ठरले. दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते.

गजबाहूच्या राज्याची चाल अशी होती की, राजघराण्याच्या लग्नात अंतरपाट भटजींनी धरायचा नाही. वधूवरांमधल्या त्या कापडाचे एक टोक राजाने धरायचे आणि दुसरे महंतांनी. मंगलाष्टके संपली, शेवटचे 'सावधान' झाले, की दोघांनी टोके सोडायची. कापड खाली, अक्षता डोक्यावर, लग्न लागले. सात पिढ्या हे असेच चालत आले होते. आधी कोण सोडतो हे कोणी कधी पाहिले नव्हते, आणि त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेही नव्हते.

या खेपेस मात्र राजा महंतांच्या बोटांकडे पाहत होता आणि महंत राजाच्या बोटांकडे.

'सावधान' झाले. ताशे वाजले, सनई वाजली, अक्षतांचा पाऊस पडला. तो सगळा कापडावरच पडला, कारण कापड जिथल्या तिथे होते. लवंगिका हातात वरमाला घेऊन उभी होती. अंतरपाटाखालून तिला दोन पाय तेवढे दिसत होते. पाय नीटनेटके होते, आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. घाईत कुठेतरी ठेचकाळले असावेत, हे तिच्या लक्षात आले आणि तिला ते आवडले.

"राजा, हात सोड," महंत म्हणाले.

"मान आपला, स्वामी. आधी आपण," राजा म्हणाला.

"राजाने देवापुढे आधी वाकावे."

"देवापुढे वाकतोच. आपण देव नव्हे."

ताशे बंद पडले. सनईवाला गाल फुगवून तसाच राहिला.

आता दोघांच्या अंगी एकेक सामर्थ्य होते. महंतांना वाचासिद्धी होती. ते शपथेवर जे बोलत ते खरे होई. राजाच्या बोटात पूर्वजांची मंत्रमुद्रा होती. ती कपाळाला लावून तो जे बोले तेही खरे होई. महंत गरजले, "राजाने आधी सोडल्यावाचून हे वस्त्र माझ्या हातून सुटणार नाही!" राजाने मुद्रा कपाळाला लावली. "महंतांनी आधी सोडल्यावाचून माझ्याही हातून सुटणार नाही!"

दोन्ही बोल खरे झाले, आणि त्यामुळे कापडाची पंचाईत झाली. ते बिचारे वाढू लागले. एक कठोर शब्द पडला की हातभर लांबे आणि हातभर उंच होई, आणि कठोर शब्दांची दोघांकडेही वाण नव्हती. राजा मागे मागे रेटला जात मंडपाबाहेर पडला, पूर्वेकडे निघाला. महंत पश्चिमेकडे निघाले. वेशी गेल्या, शेते गेली, डोंगर गेले, तरी लांबून ओरडणे चालूच होते. दुपारी राजा पूर्व सीमेवरच्या खोल दरीच्या काठाला टेकला आणि महंत पश्चिम समुद्रातल्या शेवटच्या खडकावर पोचले. पुढे जमीनच नव्हती, म्हणून दोघे थांबले. पण टोक कोणीच सोडले नाही.

राज्याचे सरळ दोन तुकडे झाले. उत्तरेकडचे उत्तरेला, दक्षिणेकडचे दक्षिणेला. कापडाला कात्री लागेना, विस्तव लागेना. खाली वीतभर फट होती, पण माणसाचे बोट लागले की कापड खाली सरके. वस्तू तेवढ्या ढकलता येत, आणि कोंबड्या, मांजरे, पाखरे खुशाल जा-ये करत. कोणाची चूल उत्तरेला राहिली, कोणाचा तवा दक्षिणेला. न्हाव्याने अर्धी दाढी केलेला एक कारभारी इकडे अडकला आणि वस्तरा घेतलेला न्हावी तिकडे. लोकांनी आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग ताटे खालून सरकवायला सुरुवात केली. पोट काही वाट पाहत नाही.

दुसऱ्या सकाळी लवंगिका रिकाम्या मंडपात धुमसत बसली होती. कापडापलीकडून आवाज आला.

"राजकन्ये, काही खाल्लंत का?"

"मी इथे आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पाय आपटल्याचा आवाज पहाटेपासून येतो आहे. म्हटलं, दुसरं कोण असणार?"

लवंगिकेला राग येणार होता, पण त्याच्या आधी हसूच आले. तेव्हा मंडपाच्या खांबावरून एक पाखरू बोलले. ते कोतवाल पाखरू होते, काळेभोर, दुभंगल्या शेपटीचे. त्याला सगळ्यांचे आवाज काढता येत आणि गप्प बसणे तेवढे येत नसे.

"हसताय काय?" ते अगदी राजाच्या आवाजात म्हणाले. "हे कापड जिने विणलं त्या मायाविनीला जाऊन विचारा. गुणाई कोष्टीण. नदीकाठी घर आहे."

दोघे निघाले. ती कापडाच्या उत्तरेने, तो दक्षिणेने, आणि पाखरू वरून. तिला त्याचे पाय दिसत, त्याला तिचे. ती झपझप चाले, तर तोही पाऊल उचले. तिने काटा काढायला थांबावे, तर तोही थांबे. गुणाईच्या घराच्या बरोबर मधून कापड गेले होते. माग उत्तरेला आणि चूल दक्षिणेला, त्यामुळे म्हातारी काल दुपारपासून उपाशी होती. सुकेतूने पलीकडे चूल पेटवली आणि जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. ती कुठे जाड, कुठे पातळ, एका बाजूला करपलेली अशी निघाली. त्याने ती खालून सरकवली. गुणाईने अर्धी खाल्ली, अर्धी लवंगिकेला दिली, आणि लवंगिकेने कुरकुर न करता खाल्ली, हे पाखराने नीट पाहून ठेवले.

पाणी पिऊन गुणाई म्हणाली, "कापड सोडायचं म्हणाल, तर या जन्मी सुटणार नाही. दोघांचे बोल खरे आहेत. पण टोक दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असं दोघांपैकी कोणी म्हटलेलं नाही. तेव्हा पाडू नका. घडी घाला. कामं तीन आहेत."

"सांगा, आजी," लवंगिका म्हणाली.

"पहिलं, राजाकडून टोक मागून घ्या. दुसरं, महंतांकडून मागून घ्या. दोघांनी राजीखुशीने दिलं पाहिजे, हिसकायचं नाही. तिसरं, ती टोकं धरून तुम्ही दोघं एकमेकांकडे चालत या, घड्या घालत, जशा दोघी बाया लुगड्याच्या घालतात. पण त्या वाटेवर रागाचा एक शब्द जरी उमटला, तर कापड परत हातभर वाढेल."

"आणि नाही जमलं तर?"

"चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्त संपतात. शेवटचा मुहूर्त टळला की हे कापड दगड होईल. मग तू या अंगाला, तो त्या अंगाला, आणि राज्यही तसंच, कायमचं."

पाखराने लवंगिकेच्या नाकाकडे पाहिले. "पहिली दोन होतील," ते म्हणाले. "तिसऱ्याचं काही खरं नाही."

लवंगिकेला पहिल्यांदाच भीती वाटली. काल ज्याचे नाव तेवढे माहीत होते, त्याची पावले आता तिच्या ओळखीची झाली होती, आणि ती दगडापलीकडे जावीत हे तिला मुळीच नको होते.

"मी आबासाहेबांकडे जाते," ती म्हणाली.

"नको," सुकेतू पलीकडून म्हणाला. "लेकीने बापाकडे मागितलं तर तो हट्ट ठरतो. जावयाने मागितलं तर तो मान. मी पूर्वेला जातो. स्वामींकडे तुम्ही जा."

तिला ते पटले. ती पश्चिमेला वळली, पण चार पावले गेल्यावर तिने वाकून एकदा खालून पाहून घेतले. ते पायही अजून जागचे हलले नव्हते.

पूर्वेला काय झाले ते तिला पाखरानेच येऊन सांगितले, आणि दोघांचे आवाज काढून सांगितले. सुकेतू दरीच्या काठी पोचला आणि राजासमोर पाठ फिरवून, गाल फुगवून बसला. लग्नात जावई रुसला की सासऱ्याने त्याची समजूत काढायची, ही तिथली रीत. आणि रुसलेला जावई कधी रिकाम्या हाताने उठला नव्हता, ही राजाच्या घराण्याची शान. राजा एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने मिशा ओढू लागला.

"जावईबापू, घोडा हवा?"

"नको."

"हत्ती? हौद्यासकट?"

"नको. त्या हातात आहे ते द्या."

राजा हातातल्या टोकाकडे पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "हे दिलं, तर मी सोडलं असं होईल का?"

"सोडणारा वेगळा, देणारा वेगळा. देणाऱ्याचा हात वर असतो, महाराज."

राजाने छाती फुगवली, चार माणसांना साक्षीला बोलावले आणि टोक जावयाच्या हाती दिले. मग कित्येक दिवसांनी मोकळा झालेला हात चोळत चोळत दरीकाठी मट्कन बसला आणि म्हणाला, "हुश्श!"

ते 'हुश्श' पाखराने इतके हुबेहूब काढले की लवंगिकेच्या डोळ्यांत पाणी आले. बाप किती दमला होता, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते.

लवंगिका समुद्रावर पोचली तेव्हा महंत खडकावर उभे होते. वाऱ्याने छाटी फडफडत होती, दाढीला मीठ धरले होते. याच महंतांनी तिच्या हाताला धरून पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेतले होते. तिने ओल्या वाळूत लोटांगण घातले.

"आलीस? बापाने धाडलं असेल," महंत म्हणाले. "स्वतः यायला पाय झिजतात त्याचे. हट्टी, गर्विष्ठ! रेड्याला शिंगं तरी दिसतात, त्याची दिसतही नाहीत."

"आणि तुम्ही?" लवंगिका उसळली. "तुम्ही कोण मोठे शांतिसागर लागून गेलात? मुलीच्या लग्नात आडवे आलात, लाज नाही वाटत?"

झाले! कापड सर्रकन वाढले. धक्क्याने महंत खडकावरून घसरले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. लाट आली, त्यांच्या छातीवर आपटली. टोक मात्र अजून मुठीत घट्ट होते. ते तिच्याकडे पाहत होते, पण त्या पाहण्यात राग नव्हता. आता कसे थांबावे हेच ज्याला समजत नाही, अशा माणसाचे ते पाहणे होते.

लवंगिकेला आपल्याच जिभेची लाज वाटली. ती पाण्यात उतरली. पैठणी भिजली, मुंडावळ्या वाऱ्याने विसकटल्या. तिने दोन्ही हातांनी पदर पुढे पसरला.

"स्वामी, भिक्षा वाढा."

महंत चपापले. "काय म्हणालीस?"

"दारी आलेय. भिक्षा वाढा."

महंतांनी त्या पसरलेल्या पदराकडे पाहिले. साठ वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या दारी झोळी पुढे केली होती. राजाच्या दारी केली होती, परटाच्या दारी केली होती. लोक त्यांच्यापाशी आशीर्वाद मागत, निवाडा मागत, अंगारा मागत. भिक्षा आजवर कोणी मागितली नव्हती. आणि मठाचा नियम तर पहिल्या महंतांपासूनचा होता, की मागणारा विन्मुख जायचा नाही.

"माझ्यापाशी आहे काय, पोरी?" ते शेवटी म्हणाले. "ही छाटी, आणि हे कापड."

"कापड द्या."

महंतांनी मूठ तिच्या पदरावर नेली. बोटे आखडली होती, ती एकेक करून उघडावी लागली. टोक पदरात पडले. तिने महंतांना हाताला धरून किनाऱ्यावर आणले, आणि वाळूवर बसता बसता महंत म्हणाले, "फार बरं केलंस बाई. तिथे खेकडे होते."

मग तिसरे काम सुरू झाले. पूर्वेकडून सुकेतू निघाला, पश्चिमेकडून लवंगिका. एकेक घडी पडे आणि कोसभर कापड हातात गोळा होई. वजन म्हणाल तर रुमालाएवढे. मागे राज्य जुळत जाई. चुलीवर तवा चढला. न्हावी धावत आला आणि कारभाऱ्याची राहिलेली दाढी भर रस्त्यात उरकली, पण तोवर केलेली बाजूही वाढली होती, म्हणून त्याला पुन्हा पहिल्यापासून बसावे लागले. गावोगावचे लोक गुलाल घेऊन उभे राहिले.

लवंगिकेच्या मागून महंत चालत होते, आणि सुकेतूच्या मागून राजा. आता स्वस्थ चालावे की नाही! पण मध्येच महंत पुटपुटत, "त्या गर्विष्ठाने..." आणि कापड हातभर पुढे पळे. लवंगिकेच्या जिभेवर उत्तर येई, ते ती गिळून टाकी. शेवटी तिने एका गावात डिंकाचे लाडू मागून घेतले, दगडासारखे कडक, आणि महंतांना एकामागून एक देत राहिली. लाडू तोंडात असला की माणसाला पुटपुटता येत नाही. ही युक्ती तिने पाखराकरवी पूर्वेला कळवली, तर निरोप आला की, तिकडे सुकेतूने राजाला ऊस सोलून दिला आहे आणि तो चांगला चालतो आहे.

पाखरू दोघांच्या वाटेत खोड्या काढी. महंतांच्या आवाजात राजाला शिव्या देई, राजाच्या आवाजात लवंगिकेला दटावी. त्या उसन्या शब्दांनी कापड वाढत नसे, पण तिच्या नाकाचा शेंडा लाल होई. ती थांबे, कापडाची घडी छातीशी धरी आणि त्या करपलेल्या भाकरीची आठवण काढी. मग तिला हसू येई, आणि पुढची घडी पडे.

चातुर्मास लागायच्या आदल्या दिवशी, शेवटच्या मुहूर्ताच्या सकाळी, दोघे जुन्याच मंडपात आमनेसामने आले. मध्ये चार हात कापड उरले होते. वर आडपडदा, खाली ओळखीची पावले. सगळे नगर लोटले होते.

आणि तिथे सगळ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. लुगड्याची घडी घालताना शेवटी काय होते, हे घरोघरच्या बायांना माहीत आहे. एकीने आपले टोक दुसरीच्या हाती द्यावेच लागते. आता कोण देणार?

"जावईबापू," राजा उसाचे चिपाड थुंकून कुजबुजला, "वराने आधी देऊ नये. नाक कापलं जाईल."

"पोरी," महंत लाडू गालात सारून कुजबुजले, "तू आधी देऊ नकोस. माझी भिक्षा आहे ती."

कापड हातभर वाढले. मग आणखी हातभर. चाराचे सहा हात झाले. सूर्य वर येत होता, आणि कापडाची एक कड हळूहळू करडी, खरखरीत होऊ लागली. जोशीबुवा ओरडले, "मुहूर्त सरतो आहे!" गर्दीत कोणीतरी रडू लागले.

राग लवंगिकेच्या नाकाच्या शेंड्याशी आला. त्या दोघांना एकेक शब्द असा ऐकवावा की जन्मभर आठवेल, असे तिला वाटले, आणि तसे शब्द तिच्यापाशी तयारही होते. तिने खाली पाहिले. अंगठ्याची चिंधी सुटून जमिनीवर लोळत होती. इतके चालून आलेल्या माणसाला ती बांधायलाही सवड झाली नव्हती. तिला वाटले, मला हा हवा आहे. जिंकून काय करायचे?

तिने आपले टोक पुढे केले. "घ्या," ती म्हणाली.

त्याच क्षणी पलीकडून शब्द आला, "घ्या."

दोघांनी देण्यासाठी बोटे उघडली. घ्यायला हात कोणाचाच नव्हता. दोन्ही टोके एकदमच सुटली, आणि ज्याला कात्री लागली नाही, विस्तव लागला नाही, ते कापड घड्यांसकट भुईवर पडले. पडल्यावर ते चार हातांचे साधे पांढरे वस्त्र होते, त्यावर कुंकवाचे स्वस्तिक.

आधी कोणी सोडले? राजा सुकेतूच्या बोटांकडे टक लावून पाहत होता, महंत लवंगिकेच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही सांगता येईना.

लवंगिकेने वर पाहिले. समोर एक उन्हाने रापलेला, धुळीने भरलेला, हसरा चेहरा होता. त्या चेहऱ्यानेही तिला आज प्रथमच पाहिले, आणि दोघे असे हसत सुटले की भटजींना 'सावधान' दोनदा म्हणावे लागले. सनईवाल्याने गाल फुगवले ते संध्याकाळपर्यंत खाली आणले नाहीत. अक्षतांचा पाऊस पडला, आणि या खेपेस तो डोक्यांवर पडला.

एवढ्या गडबडीत ते कापड पायदळी येऊ नये म्हणून राजा ते उचलायला वाकला, आणि दुसऱ्या बाजूने महंतही वाकले. दोघांची डोकी टाणकन आपटली. इतके दिवस उभे राहून कंबरा आखडलेल्या होत्या. वाकले खरे, पण सरळ कोणालाच होता येईना. नगराने पाहिले की राजा महंतांपुढे वाकला आहे आणि महंत राजापुढे वाकले आहेत. श्वास घ्यायलाही कोणी धजेना.

"स्वामी," राजा जमिनीकडे पाहत म्हणाला, "जरा हात द्या."

"दिला असता," महंत जमिनीकडेच पाहत म्हणाले, "पण राजा, आधी तुझा मला पाहिजे."

मग दोघांनी एकमेकांचे दंड धरले, आणि 'आई गं' म्हणत, एकमेकांच्या आधाराने, दोघे मिळून उभे राहिले. जसा त्यांचा पेच सुटला तसे तुमचे-आमचेही सुटोत. आणि ज्याला सोडवायचाच नसेल, त्याने निदान दुसऱ्याच्या लग्नात भांडू नये.